बंदूक जमा, जागल कोणाची?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांच्या ओट्यांवर एक देखावा दिसतो. कोणी पोत्यात, कोणी जुन्या धोतरात, कोणी कातड्याच्या म्यानात गुंडाळलेली बंदूक घेऊन परवानाधारक रांगेत उभे असतात. हवालदार परवान्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहतो, वहीत नोंद करतो आणि पावती फाडून देतो. पावती हाती आली की माणूस ती दोनदा वाचतो, खिशात ठेवतो आणि रिकाम्या हातांनी गावाची वाट धरतो.

आमच्या स्वतःच्या घरी कधी बंदूक नव्हती. आम्ही त्या ओट्यावर गेलो ते कामगार संघटनेच्या कामासाठी. आमच्या संघटनेत पहारेकरी आहेत, आणि त्यांतील काहींची भाकरी त्यांच्या बारा बोअरच्या बंदुकीवर अवलंबून आहे. त्यांच्याबरोबर रांगेत उभे राहता राहता आम्हांस एक प्रश्न पडला. सरकारने माणसापासून हत्यार मागितले म्हणजे त्या माणसास काय वाटते? ह्या कायद्यांचा इतिहास विद्वानांनी लिहिला आहे, परंतु तो बहुधा मागणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला असतो. देणाऱ्याच्या बाजूने तो आज थोडा पाहावा असा आमचा विचार आहे. परदेशात कित्येक ठिकाणी सरकारने पैसे मोजून लोकांच्या बंदुका परत विकत घेतल्या. आपल्याकडे तसे क्वचित झाले. तरीही हत्यार मागण्याचा आपला इतिहास त्यांच्यापेक्षा जुना आहे.

तो 1857 सालापासून सांगावा लागतो. उत्तरेत उठाव झाल्याबरोबर कंपनी सरकारने हत्यारबंदीचा कायदा केला. हत्यारांची नोंद करावी, परवाना घ्यावा, नाहीतर ती जमा करावीत, असा त्याचा रोख होता. मुधोळचे संस्थान घोरपडे ह्या मराठा घराण्याचे. त्या संस्थानातील हलगली गावात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, बेरडांची वस्ती होती. हत्यार हे त्यांचे वडिलोपार्जित साधन होते. शिकार त्यावर, राखण त्यावर आणि गावातली पतही त्यावरच. त्यांनी हत्यारे देण्याचे नाकारले. नोव्हेंबर 1857 च्या अखेरीस इंग्रजी फौजेने गावावर चालून जाऊन ते जाळले. पुष्कळ माणसे मारली गेली आणि पुढे एकोणीस जणांस फासावर चढविण्यात आले. कानडी लावणीत तो प्रसंग गाइला गेला आहे.

पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे उठले. दत्तक नामंजूर झाल्याचे दुःख त्यांच्या मनात होतेच. त्यातच त्यांच्याकडे तोफा आणि दारूगोळा मागण्यात आला. त्यांचाही शेवट 1858 च्या जूनमध्ये बेळगावास फाशीने झाला. हलगलीचा बेरड आणि नरगुंदचा राजा ह्यांच्यात जातीचे, श्रीमंतीचे आणि शिक्षणाचे केवढे अंतर! पण हत्याराची मागणी दोघांच्याही कानी सारखीच पडली. तू आता संशयित आहेस, असे त्या मागणीने दोघांसही सांगितले.

ह्यानंतर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा हत्यारांचा कायदा आला. त्या कायद्याने हिंदी माणसास परवाना सक्तीचा केला, पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांस त्यातून सूट दिली. एकाच गावच्या एकाच रस्त्याने साहेब खांद्यावर बंदूक टाकून तितरे मारावयास जाई आणि त्यामागून चालणाऱ्या पाटलास मात्र आपल्या जुन्या तोड्याच्या बंदुकीसाठी अर्ज करावा लागे. लोकांस बंदुकीचे जितके दुःख झाले त्याहून अधिक ह्या भेदाचे झाले. म्हणूनच 1887 सालच्या मद्रासच्या काँग्रेसपासून ह्या कायद्याविरुद्ध ठराव होऊ लागले. शेवटी 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या मर्यादेत हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला. तीच काँग्रेस अहिंसेच्या मार्गाने लढत होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या मागणीचा अर्थ उघड होतो. मागणी गोळी झाडण्याची नव्हती, बरोबरीने वागविले जाण्याची होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हा हक्क घटनेत यावा की नाही, ह्यावर डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत चर्चा झाली. सुधारणा मांडणारे हरि विष्णु कामत हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी. आपला बुलढाणा तेव्हा त्याच प्रांतात होता. डॉ. आंबेडकरांनी सुधारणेस विरोध केला. परकी सरकारने लोकांस निःशस्त्र केले होते म्हणून कराचीचा ठराव झाला. आता परिस्थिती बदलली आहे. असा हक्क सरसकट दिला तर तो समाजकंटकांसही मिळेल. आणि आज नागरिकाच्या हक्कापेक्षा गरज पडल्यास देशासाठी हत्यार धरण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सुधारणा पडली. पुढे 1959 साली नवा कायदा झाला आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला. परवाना हा हक्क नव्हे, ती सरकारने दिलेली परवानगी आहे, हे तत्त्व त्यात कायम राहिले. मात्र एक शेतकऱ्यांच्या कामाची गोष्ट आली. पिकाच्या राखणीची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद 13 व्या कलमात घालण्यात आली.

डॉ. आंबेडकरांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि ते केवळ त्यांच्याविषयीच्या आदरापोटी नव्हे. बंदुकीचा परवाना हा गावाच्या उतरंडीचाही दाखला असतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परवाना बहुधा जमीनवाल्याच्या घरी असतो. सालदाराच्या घरी तो नसतो. संपाच्या दिवसांत फाटकाआड कोणी बंदूक घेऊन नुसते उभे राहिले तरी कामगाराच्या पोटात गोळा येतो, हे ज्याने अनुभविले तो हत्याराच्या हक्काचे गोडवे सहसा गाणार नाही. तेव्हा बंदूकवाल्यांची वकिली करण्यासाठी आम्ही लिहीत आहोत असे वाचकांनी समजू नये. पण ज्याचे हत्यार मागावयाचे त्याचे म्हणणे ऐकून घेतले नाही, तर हत्यार मिळूनही काम साधत नाही, असे आमचे मत झाले आहे.

आमच्या जिल्ह्यात हे म्हणणे तीन तऱ्हेचे आढळते.

पहिला आहे शेतकरी. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला, किंवा बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला ज्याचे शेत आहे, त्याला रानडुक्कर आणि रोही म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मक्याच्या तासात डुकरांचा कळप एका रात्री शिरला की सकाळी तेथे नांगरट केल्यासारखे दिसते. तेव्हा जागल करावी लागते. माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवावयाचे, फटाके उडवावयाचे, गोफण फिरवावयाची. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे बंदूक असली तरी वनखात्याच्या परवानगीवाचून जनावर मारता येत नाही. बंदुकीचा उपयोग बहुधा हवेत बार काढण्यापुरताच. पण त्या एका बाराने माणसाला दोन तास डोळा लावता येतो. अशा एका शेतकऱ्यास आम्ही विचारले, सरकारने पैसे देऊन बंदूक परत घ्यावयाची म्हटले तर? तो म्हणाला, “बंदूक नेता त न्या, पन रातची जागल बी संगं न्या!”

दुसरा आहे जुन्या घरातला वारस. सिंदखेडराजाच्या ह्या मुलखात हत्यार हे घराण्याच्या आठवणीचे लक्षण मानले जाते. शिवाय 1948 पर्यंत जिल्ह्याच्या दक्षिणेची हद्द निजामाच्या राज्याला लागून होती. रझाकारांच्या काळात हद्दीवरच्या गावांनी रात्री कशा काढल्या, ह्या गोष्टी आमच्या लहानपणी म्हातारी माणसे सांगत. त्या घरांतील कित्येक बंदुका आज चालतही नसतील. पण वारसाला तिची किंमत विचारली तर तो रागावतो. आजोबांच्या तसबिरीचा भाव करावा तसे त्याला वाटते.

तिसरा आहे आमचा पहारेकरी. बहुधा तो फौजेतून निवृत्त झालेला. त्याने स्वतःच्या पैशाने, कधी कर्ज काढून, बंदूक घेतलेली असते, कारण ‘स्वतःच्या परवान्यासह’ अशी नोकरीची अटच असते. आता बंदूक हेच त्याचे अवजार. सुताराचा रंधा आणि शिंप्याची मशीन तशी ती.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पहारेकऱ्यास निवडणुकीच्या सुमारास बंदूक जमा करण्याची नोटीस आली. त्याच्यावर गुन्हा नव्हता, तक्रार नव्हती. त्याने बंदूक जमा केली आणि पावती घेऊन कामावर गेला. मालकाने सांगितले, बंदूक नाही तर ड्यूटी नाही. दीड महिना तो घरी बसला. आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2009 साली निवडणूक आयोगाने सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार परवानाधारकांची प्रकरणे समितीने तपासावीत, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले अशांकडे विशेष लक्ष द्यावे, असे आहे. ते कागद आम्ही दाखविले. अर्ज करा, असे उत्तर मिळाले. अर्ज केला. त्याचा निकाल येण्यापूर्वी मतदान होऊन गेले. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाशी गंज चढला होता.

आम्ही त्याला म्हटले, समजा सरकारने बंदुकीची पुरी किंमत मोजली असती, तर? तो हसला. “भाऊ, बंदुकीचे पैसे भेटतीन, पन ड्युटीचे कोन देईन?”

आता हीच गोष्ट परदेशात कशी झाली ते पाहू, म्हणजे आपल्या माणसांचे म्हणणे अडाणीपणाचे आहे की काय, हे ताडता येईल.

ऑस्ट्रेलियात 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने गोळ्या घालून 35 जणांस ठार केले. काही दिवसांतच पंतप्रधान जॉन हॉवर्ड ह्यांनी सर्व राज्यांकडून कडक नियम मान्य करून घेतले आणि बंदी घातलेल्या बंदुका सरकार विकत घेईल असे जाहीर केले. त्यासाठी सार्वजनिक आरोग्याच्या पट्टीत एका वर्षापुरती 0.2 टक्क्यांची वाढ करण्यात आली. म्हणजे किंमत साऱ्या देशाने मिळून दिली. दरपत्रक छापले गेले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका जमा होऊन नष्ट झाल्या. पण हे सारे सुखासुखी झाले नाही. बंदूकवाल्यांच्या एका सभेत हॉवर्ड अंगात गोळी अडविणारे जाकीट घालून बोलावयास उभे राहिले होते. विरोधात शेतकरी मोठ्या संख्येने होते. आम्हांस ससे, डुकरे मारावी लागतात, गुन्हा दुसऱ्याने केला आणि शिक्षा आम्हांस का, असे ते विचारीत. सरकारने त्यांचे अर्धे म्हणणे ऐकले. बंदी उठविली नाही, पण ज्या शेतकऱ्याची गरज खरी ठरे त्याला ठराविक तऱ्हेच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय ठेविली. शेतकऱ्यांच्याच पक्षाचे पुढारी टिम फिशर खेड्याखेड्यांत जाऊन हा कायदा समजावून सांगत फिरले आणि आपल्याच मतदारांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी 13 मार्चला डनब्लेन गावच्या शाळेत 16 मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पुढे 1997 मध्ये पिस्तुलांवर बंदी आली आणि सुमारे 1 लाख 62 हजार पिस्तुले मोबदला देऊन जमा करण्यात आली. ती देणारे बहुतेक नेमबाजीच्या क्लबातले. कोणाची भाकरी त्यावर नव्हती. गेला तो त्यांचा खेळ. पैसे मिळाले, तरी ‘आम्हांस गुन्हेगारांच्या पंक्तीत बसविले’ ही त्यांची तक्रार राहिली.

न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 माणसे मारली गेली. महिन्याभरातच कायदा झाला. डिसेंबरपर्यंत सुमारे 56 हजार बंदुका घेण्यात आल्या. बंदुकीची स्थिती पाहून मूळ किमतीच्या 95, 70 किंवा 25 टक्के असा दर ठरला होता. तेथील मालकांनी दराबद्दल कुरकुर केली. त्याहूनही त्यांना झोंबली ती घाई. आमच्याशी बोलण्यापूर्वीच निर्णय झाला, असे ते म्हणत.

ह्या तिन्ही देशांत पैसे दिले म्हणून हत्यारे आली, हे खरे आहे. मोबदल्यावाचून इतकी आली नसती. परंतु मालकांचे समाधान पैशाने झाले नाही. जेथे गरज ऐकून घेतली तेथे राग निवला; जेथे ऐकली नाही तेथे पैसे घेऊनही तो उरला. आमच्या शेतकऱ्याचे आणि पहारेकऱ्याचे म्हणणे ह्याहून निराळे नाही.

आपल्या महाराष्ट्रातही पैशाचा मार्ग एका ठिकाणी आहे. तो परवानाधारकांसाठी नसून नक्षलवाद्यांसाठी आहे. राज्याने 2005 पासून आत्मसमर्पणाची योजना चालविली असून तीत शस्त्रासह येणाऱ्यास शस्त्रासाठी वेगळी रक्कम मिळते. पण तिच्याबरोबर घर, काम आणि पुनर्वसन जोडलेले आहे. नुसत्या रकमेने कोणी जंगलातून बाहेर येणार नाही, हे योजना करणाऱ्यांस ठाऊक होते. त्याच गडचिरोलीत आदिवासी गावकऱ्यांनी शिकारीसाठी घरात ठेवलेल्या भरमार बंदुका पोलिसांकडे आणून दिल्याचेही प्रसंग घडले आहेत. भरमार म्हणजे ठासणीचीच बंदूक. ती घरात असली की एका बाजूने नक्षलवादी मागावयास येणार आणि दुसऱ्या बाजूने पोलीस संशय घेणार. जिच्यामुळे राखण व्हावयाची तीच जिवावर उठली, तेव्हा माणसाने ती सोडली.

परवानाधारकांच्या वाट्यास मात्र पैसा आला नाही. 1983 च्या दुरुस्तीने एका माणसास तीन बंदुकांची मर्यादा घातली होती. 2019 साली सरकारने विधेयक आणले त्यात एकच बंदूक ठेवण्याचे म्हटले होते. परवानाधारकांनी आणि काही खासदारांनी तक्रार केली. वडिलोपार्जित हत्यारांचे काय, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी दोन ठेवण्याची मुभा मिळाली. तिसरी असेल तिने वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा व्हावयाचे होते. सरकारने तिची किंमत द्यावी, असे त्या कायद्यात कोठे नाही. आमचा पहारेकरी आणि सातपुड्याखालचा शेतकरी ह्यांना त्याची झळ लागली नाही, कारण त्यांच्याकडे मुळात एकच बंदूक. झळ लागली ती वाड्यातल्या वारसाला. आणि त्याला पैसे नकोच होते, त्याला ती भिंतीवर हवी होती.

ह्या सगळ्या इतिहासाचा आम्ही कामगार माणसांनी काय बोध घ्यावा? आमच्या मते हत्यार कमी झाली पाहिजेत. घरात बंदूक असली की दारूच्या नशेत, भाऊबंदकीच्या रागात तिच्याकडे हात जातो, आणि त्या घरातल्या बाईला तिची जी भीती वाटते ती कोणत्याही अर्जात लिहिलेली नसते. पण हत्यार मागणाऱ्याने आधी पाहावे की ते कोणते काम करीत होते. ते काम सरकारने उचलले पाहिजे. शेतकऱ्याची बंदूक घ्यावयाची तर त्याच्या बांधाला कुंपण द्या, नुकसानीची भरपाई वेळेवर द्या. पहारेकऱ्याची घ्यावयाची तर त्याच्या रोजाची हमी द्या. वारसाची घ्यावयाची तर ती निकामी करून त्याच्या भिंतीवर राहू द्या. आणि कोणाचीही घ्यावयाची तर कारण सांगा. हलगलीपासून आजपर्यंत माणसाला हत्यार गेल्यापेक्षा कारण न सांगता संशयित ठरविल्याचे दुःख जास्त झाले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून हा लेख बंदूकवाल्यांचाच राहील. ज्या शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळतो, त्या शेतात रात्री माळ्यावर बहुधा परवानाधारक नसतो, सालदार असतो. बंदूक मालकाच्या घरी खुंटीला असते आणि सालदाराच्या हाती डबा आणि काठी. निवडणुकीत बंदूक जमा होवो की न होवो, त्याच्या रात्रीत फरक पडत नाही. त्याला कोणी नोटीस देत नाही आणि त्याचे मतही कोणी विचारीत नाही. कुंपण झाले तर पहिली झोप त्याला मिळेल.

आमच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात आम्ही एवढेच करू शकलो. दीड महिन्याच्या पगारापैकी अर्धा मालकाने उचल म्हणून दिला आणि पुढे तो कापूनही घेतला. मात्र पुढच्या करारात आम्ही एक कलम लिहून घेतले. सरकारी हुकुमाने बंदूक जमा असेल तितके दिवस पहारेकऱ्याने बंदुकीवाचून पहारा करावा आणि त्याचा पगार कापू नये. कलम दोन ओळींचे आहे. त्यानंतरच्या निवडणुकीत त्याच माणसाबरोबर आम्ही पुन्हा ठाण्यावर गेलो. त्याने बंदूक दिली, नळीला तेल लावून आणल्याचे हवालदाराला दाखविले आणि ‘नळी साफ’ असे पावतीवर लिहावयास लावले. ह्या खेपेस पावती त्याने एकदाच वाचली. रात्री तो शिटी आणि काठी घेऊन कामावर हजर होता.